बॅटरीची नाडीपरीक्षा

आपल्या नित्याच्या व्यवहारात काही वस्तू अशा असतात की, त्या चालू आहेत तोवर त्यांची आठवणही आपणांस होत नाही. विहिरीचे पाणी खाली जाऊ लागले तर आपण वाकून पाहतो, घरातले मूल दोन दिवस गप्प बसले तर त्याच्या कपाळाला हात लावून पाहतो. परंतु मोटारीच्या झाकणाखाली एका कोपऱ्यात बसलेल्या त्या काळ्या पेटीकडे, म्हणजे बॅटरीकडे, ती रुसून बसेपर्यंत कोणी ढुंकूनही पाहत नाही. मग एके दिवशी गाडी सुरू होत नाही, आणि आपण म्हणतो, "बॅटरी अचानक गेली!" हा 'अचानक' शब्द किती फसवा आहे, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

आम्ही कला शाखेचे पदवीधर. वर्गात आम्ही मराठी आणि इतिहास शिकवतो. आम्ले, अल्क आणि विद्युत्‌प्रवाह यांच्याशी असलेला आमचा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबरच संपला, अशी आमची समजूत होती. तेव्हा विज्ञानशिक्षकांच्या शेतात आमचा नांगर कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका पावसाळी रात्रीत आहे.

डिचोली तालुक्यातील एका गावी आम्ही सहकुटुंब भाड्याने राहतो. आमच्या घरमालकीणबाई, ज्यांना सारा वाडा आजी म्हणतो, वयाची पंच्याहत्तरी ओलांडलेल्या. आषाढ लागलेला, वीज गेलेली, बाहेर पावसाचा नुसता धिंगाणा. रात्री दीडच्या सुमारास त्यांच्या नातवाने आमचे दार ठोठावले. "मास्तर, आजीला श्वास घेववत नाही. गाडी काढा!" आम्ही तसेच उठलो. गाडीत बसून किल्ली अर्धी फिरवली, तशी समोरच्या तबकडीवरील दिवे लागले. आम्हांस हायसे वाटले. किल्ली पुढे फिरवली, आणि गाडीच्या पोटातून केवळ 'टक्' असा एक आवाज आला. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक्'. दिवे लागत होते आणि गाडी सुरू होत नव्हती!

शेवटी शेजारच्या चार घरांतील माणसे उठवली, भर पावसात सर्वांनी मिळून गाडी उतारापर्यंत ढकलत नेली, आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडताच ती एकदाची धडधडली. या खटाटोपात पाऊण तास गेला. आजींना रुग्णालयात नेल्यावर डॉक्टरांनी तत्काळ प्राणवायू सुरू केला, आणि आमच्याकडे वळून एवढेच विचारले, "इतका उशीर का केलात?" आजी चार दिवसांनी बऱ्या होऊन घरी आल्या. परंतु त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते, ही टोचणी मात्र राहिली.

दुसऱ्या दिवशी गाव‌च्या गॅरेजमधील मेस्त आले. आमच्या कोकणीत कसबी कारागिराला 'मेस्त' म्हणतात. त्यांनी झाकण उघडले, एक नजर टाकली आणि ते म्हणाले, "मास्तर, बॅटरी काल रात्री गेली नाही. दोन महिने ती तुम्हांला सांगत होती. तुम्ही ऐकत नव्हता." ती काय सांगत होती आणि ते कसे ऐकावे, हे त्यांनी आम्हांस शिकवले. शाळेच्या प्रयोगशाळेतील विज्ञानशिक्षकांनी उरलेल्या शंका फेडल्या. ते सारे येथे वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम ही पेटी आहे तरी काय, ते पाहू. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते याने १८५९ साली शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हापुन्हा विद्युत्‌भारित करता येईल असा पहिला घट तयार केला. १८८१ साली कामीय फोर याने शिशाच्या संयुगांचा लेप दिलेल्या पट्ट्या वापरून त्यात मोठी सुधारणा केली. आजची साधी मोटार-बॅटरी ही त्याच घराण्यातली. तिच्या पोटात सहा स्वतंत्र घट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक घटात सच्छिद्र शिशाच्या आणि शिशाच्या डायऑक्साइडच्या पट्ट्या आळीपाळीने उभ्या असून त्या विरल गंधकाम्लात बुडालेल्या असतात. एक घट सुमारे २.१ व्होल्ट दाब देतो. म्हणून सहा घटांचा मिळून सुमारे १२.६ व्होल्ट होतो. बाजारात हिला '१२ व्होल्टची बॅटरी' म्हणतात, ते केवळ बोलण्याच्या सोयीसाठी.

बॅटरीतून वीज घेतली जाते तेव्हा आम्लातील सल्फेट दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर जाऊन बसते, त्यांचे शिशाच्या सल्फेटमध्ये रूपांतर होते, आणि मागे पाणी उरते. म्हणजे बॅटरी जसजशी रिकामी होते तसतसे तिच्यातील आम्ल पातळ होत जाते. इंजिन चालू झाले की त्याने फिरवलेला अल्टरनेटर तिच्यात वीज परत भरतो, आणि ही क्रिया उलट दिशेने होऊन आम्ल पुन्हा दाट होते. ही एक गोष्ट नीट ध्यानात धरली की पुढील सर्व परीक्षा आपोआप समजतात.

आता त्या रात्रीचे कोडे. दिवे लागत होते, मग गाडी का सुरू होईना? मोटारीचे इंजिन पूर्वी पुढून लोखंडी हँडल मारून सुरू करीत. १९१२ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने योजलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारीत बसवला गेला, आणि हे मनगटाचे काम हळूहळू बॅटरीकडे आले. हे काम सोपे नाही. तबकडीवरील चिमुकल्या दिव्याला एक अँपियरही प्रवाह लागत नाही. पुढचे ५५ वॅटचे दोन मोठे दिवे मिळून सुमारे ९ अँपियर घेतात. परंतु थंड पडलेले इंजिन फिरवण्यासाठी लहान मोटारीच्या स्टार्टरलाही शंभराहून अधिक अँपियर लागतात, मग ते काही क्षणांपुरते का असेना. टाकीत पाणी आहे, पण नळ आतून शेवाळाने कोंदला आहे, अशी कल्पना करा. वाटी भरेल, घागर भरणार नाही. थकलेल्या बॅटरीचे असेच होते. तिचा अंतर्गत विरोध वाढलेला असतो. थोडे मागितले तर ती देते, पुष्कळ मागितले की तिचा दाब कोसळतो. म्हणून दिवा लागला यावरून बॅटरी निरोगी आहे असे मानणे, ही त्या रात्री आमची पहिली चूक होती.

मेस्तांनी शिकवलेली पहिली परीक्षा डोळ्यांची आणि कानांची. हिला कोणतेही उपकरण लागत नाही. स्टार्टर पूर्वीपेक्षा सावकाश, कण्हल्यासारखा फिरतो काय? गाडी सुरू करतेवेळी पुढचे दिवे एकदम मंद होतात काय? टर्मिनलांवर पांढरी अथवा हिरवट-निळी भुकटी साचली आहे काय? पेटीच्या बाजू फुगल्या आहेत काय, कोठे ओल दिसते काय, सडक्या अंड्यासारखा वास येतो काय? आणि सर्वांत साधा प्रश्न म्हणजे, बॅटरी घेतली केव्हा? आपल्याकडील उष्ण हवेत साधी बॅटरी बहुधा तीन ते पाच वर्षे चालते. आमच्या बॅटरीने चार पावसाळे पाहिले होते. स्टार्टर दोन महिने कण्हत होता, भुकटीही साचली होती. आम्ही ती रोज पाहत होतो आणि पाहतही नव्हतो.

येथे एक सावधगिरीची सूचना. टर्मिनलावरचा चिमटा सैल असेल किंवा भुकटीने झाकला असेल, तर उत्तम बॅटरीही आजारी भासते, कारण तिचा प्रवाह बाहेरच पडू शकत नाही. म्हणून बॅटरीला दोष देण्यापूर्वी टर्मिनले स्वच्छ करून चिमटे घट्ट बसवावेत. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशाने चोळला की भुकटी निघते. मात्र ते पाणी घटाच्या बुचांतून आत जाऊ देऊ नये. कोरडे झाल्यावर वर थोडे व्हॅसलीन लावावे. समुद्राच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी तर हे अगत्याने करावे.

दुसरी परीक्षा विश्रांतीतील दाबाची. यासाठी मल्टिमीटर नावाचे लहानसे उपकरण लागते. ते विजेच्या सामानाच्या कोणत्याही दुकानी मिळते. गाडी चालवून आणल्याबरोबर मोजू नये, कारण नुकत्या भरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर वरवरचा भार असतो आणि आकडा खोटा मोठा दिसतो. गाडी रात्रभर उभी राहू द्यावी व सकाळी सुरू करण्यापूर्वी मोजावे. मीटर एकदिश दाबाच्या २० व्होल्टच्या खुणेवर ठेवून लाल तार धन टर्मिनलास व काळी तार ऋण टर्मिनलास लावावी. १२.६ किंवा किंचित अधिक आले तर बॅटरी पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. ११.९ च्या खाली आकडा गेला तर ती जवळजवळ रिती समजावी. ध्यानात असू द्या, विद्यार्थिमित्रांनो, १२.६ आणि ११.९ यांत फरक एका व्होल्टाचाही नाही. परंतु त्या एवढ्याशा अंतरात सारे भरलेपण आणि सारे रितेपण सामावलेले आहे.

तथापि ही परीक्षा बॅटरी किती भरली आहे हे सांगते, ती किती सशक्त आहे हे सांगत नाही. हा भेद आमच्याच बॅटरीने आम्हांस शिकवला. मेस्तांनी ती रात्रभर चार्जरला लावली, मग दिवसभर तशीच ठेवली, आणि संध्याकाळी मीटर लावला. आकडा आला १२.४! आम्ही आनंदाने म्हणालो, "मेस्त, ही तर बरी झाली." ते हसले आणि म्हणाले, "थांबा, मास्तर. आजारी माणूससुद्धा खाटेवर पडलेला असताना बराच दिसतो."

मग त्यांनी तिसरी परीक्षा घेतली. ही आम्लाच्या घनतेची. ज्या बॅटरीला सहा बुचे असतात तिच्यावरच ती करता येते. हायड्रोमीटर म्हणजे रबरी फुग्याची एक काचनळी. तिच्यात खुणा केलेला एक काचेचा तरंगक असतो. नळीने घटातील आम्ल वर ओढले की तरंगक त्यात तरंगतो. आम्ल दाट तर तो वर, पातळ तर तो खाली. पाण्याची घनता १ धरली तर पूर्ण भरलेल्या घटातील आम्लाची सुमारे १.२६ असते, अर्ध्या घटाची १.१९ च्या आसपास, आणि रित्या घटाची १.१२ च्या आसपास. उष्ण प्रदेशांसाठी काही कारखानदार मुळातच थोडे पातळ आम्ल घालतात, हेही लक्षात घ्यावे. परंतु खरे महत्त्व एकेका आकड्याचे नसून सहा आकड्यांच्या मेळाचे आहे. कोणत्याही दोन घटांत ०.०५ हून अधिक तफावत दिसली, तर उणा पडलेला घट नादुरुस्त समजावा.

आमच्या बॅटरीच्या पाच घटांचा आकडा १.२५ आला, आणि सहाव्याचा १.१५. चोर सापडला! येथे विज्ञानशिक्षकांनी आम्हांस एक सुरेख हिशेब दाखवला. घनतेच्या आकड्यात ०.८४ मिळवले की त्या घटाचा विश्रांतीतील दाब सुमारे मिळतो. १.२५ अधिक ०.८४ म्हणजे २.०९, असे पाच घट म्हणजे १०.४५. सहावा घट १.१५ अधिक ०.८४, म्हणजे १.९९. दोहोंची बेरीज १२.४४ व्होल्ट. मल्टिमीटरने सांगितलेला १२.४ हा आकडा खरा होता. पण पाच सशक्त भावांनी सहाव्या दुबळ्याला आपल्या बेरजेत झाकून ठेवले होते. वर्गाची सरासरी चांगली आली म्हणून एखादा मागे पडलेला विद्यार्थी शिक्षकाच्या नजरेतून सुटतो, तसेच हे. आम्हांस त्या क्षणी आमची निकालपत्रे आठवली, हे कबूल केले पाहिजे.

चौथी आणि निर्णायक परीक्षा भाराची. मल्टिमीटर टर्मिनलांना लावून ठेवावा आणि दुसऱ्याने गाडी सुरू करावी. स्टार्टर फिरत असताना मीटरचा आकडा खाली जाणारच. निरोगी बॅटरीचा दाब तेव्हा साधारणतः १० व्होल्टच्या वर राहतो, तो ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी भाराला टिकत नाही असे समजावे. मात्र परीक्षेआधी ती पुरती भरलेली असली पाहिजे. उपाशी माणसाच्या शक्तीची परीक्षा घेणे न्याय्य नव्हे. आमच्या बॅटरीचा आकडा पाहता पाहता ८.८ वर आला, आणि पुन्हा तोच 'टक्' ऐकू आला. दुबळा घट भाराखाली इतरांना आधार देईना. उलट त्यांचाच मार्ग अडवू लागला. आता वाद उरला नाही.

पाचवी परीक्षा खरे म्हणजे बॅटरीची नव्हे, तिला अन्न देणाऱ्याची. इंजिन चालू असताना टर्मिनलांवरील दाब बहुधा १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान असावा. तो १३ च्या आसपासच रेंगाळत असेल, तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा तारा तपासाव्यात. नाहीतर नवी बॅटरीही महिन्याभरात उपाशी पडेल. उलट १५ च्या वर गेला तर बॅटरी आतून उकळून निघेल. अलीकडच्या काही मोटारींत संगणक हा दाब गरजेप्रमाणे कमीजास्त करतो. अशा गाडीच्या बाबतीत जाणकाराचे मत घ्यावे.

आता पुष्कळशा बॅटऱ्या बंदिस्त असतात. त्यांत पाणी घालावे लागत नाही आणि घनता मोजण्याची सोयही नसते. त्यांपैकी काहींवर एक रंगीत डोळा असतो. हिरवा दिसला की ठीक, असे लोक मानतात. पण तो डोळा सहांपैकी एकाच घटात पाहत असतो, ही गोष्ट विसरू नये. अशा बॅटरीसाठी दुसरी आणि चौथी परीक्षा करावी. बॅटरीच्या दुकानांत हल्ली हातात मावणारे विद्युत् परीक्षकही असतात. ते बॅटरीचा अंतर्गत विरोध तपासून क्षणार्धात निर्णय देतात. विजेवर चालणाऱ्या बहुतेक नव्या मोटारींतही दिवे, कुलपे व नियंत्रणयंत्रणा यांसाठी १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी असतेच, आणि तीही अशीच रुसू शकते.

बॅटरी दुबळी का होते, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. उष्णता हा तिचा मोठा शत्रू. उन्हाने आतील पाणी उडते, पट्ट्यांची झीज वाढते. म्हणून आपल्याकडे बॅटरी बिघडते उन्हाळ्यात. परंतु दिवे, काचपुसणी व पंखा यांचा भार एकदम वाढला की तो बिघाड उघडा पडतो पावसाळ्यात. दुसरे कारण, अर्धवट रिकाम्या स्थितीत पडून राहणे. पट्ट्यांवर बसलेले सल्फेट वेळीच परत गेले नाही तर त्याचे कठीण स्फटिक होतात, आणि मग ते जागचे हलत नाहीत. आमची गाडी घरापासून शाळेपर्यंत, म्हणजे दीड किलोमीटर, जाई आणि येई. सुरू करताना खर्चलेली वीज एवढ्या प्रवासात भरून निघत नसे. आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धापाऊण तास सलग चालवावी, हा याचा उपाय. बुचांच्या बॅटरीत पाणी कमी झाले तर फक्त ऊर्ध्वपातित पाणी घालावे. नळाचे अथवा विहिरीचे पाणी घालू नये, आणि आम्ल तर कधीच घालू नये.

विद्यार्थिमित्रांनो, आता जे सांगतो ते सर्वांत महत्त्वाचे. बॅटरीतील आम्ल कपडे जाळते, कातडी जाळते आणि डोळा कायमचा घालवू शकते. विद्युत्‌भारण होत असताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. तो ठिणगीसरशी पेट घेतो. म्हणून जवळ काडी ओढू नये, मेणबत्ती नेऊ नये. हातातील अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. लोखंडी पाना दोन्ही टर्मिनलांना एकदम टेकला तर क्षणात लाल होतो. तारा सोडताना ऋण तार आधी सोडावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. डोळ्यांवर चष्मा व हातांत रबरी मोजे असावेत. आम्ल अंगावर उडालेच तर ती जागा भरपूर पाण्याने बराच वेळ धूत राहावी, आणि डोळ्यात गेले तर धूतच डॉक्टरांकडे जावे. डोळ्यांची व कानांची पहिली परीक्षा तुम्ही खुशाल करा. उपकरणांच्या परीक्षा मोठ्या माणसांच्या हातूनच होऊ द्या, तुम्ही आकडे वहीत टिपा.

जुनी बॅटरी परसात टाकू नये. शिसे विषारी आहे. ते मातीत आणि विहिरीत उतरते व लहान मुलांच्या मेंदूस विशेष अपाय करते. नवी घेताना जुनी दुकानदारास परत द्यावी. भारत सरकारच्या २०२२ च्या बॅटरीविषयक नियमांनुसार ती परत गोळा करून तिच्यातील धातू पुन्हा उपयोगात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

आमच्या नव्या बॅटरीवर आम्ही पांढऱ्या रंगाने महिना आणि वर्ष लिहून ठेवले आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आजींचा नातू आणि आम्ही अंगणात गाडीचे झाकण उघडतो. आम्ही मीटर लावतो, तो वहीत आकडा लिहितो. या कामास पाच मिनिटेही लागत नाहीत. त्या रात्री गेलेल्या पाऊण तासाशी या पाच मिनिटांची तुलना केली की आम्हांस आमची लाज वाटते. आजींना व्होल्ट म्हणजे काय ते ठाऊक नाही, तरी आम्ही झाकण मिटले की त्या पडवीतून विचारतात, "बरी आहे ना रे तुमची ती पेटी?" नातू वही पाहून आकडा सांगतो.

आज घरी गेलात म्हणजे तुम्हीही वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा, "आपल्या गाडीची बॅटरी केव्हा घेतली?" उत्तर चटकन आले नाही, तर पहिली परीक्षा त्याच दिवशी करण्याची वेळ आली आहे असे समजा.